अग्निरथाची वाट

वसईतल्या पापडीच्या चर्चचे नाव अवर लेडी ऑफ ग्रेस. मराठीत कृपामाता. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याच्या कॅथेड्रलचा मान या चर्चकडे आला. सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये करतात तशी इथेही ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात भाविक ‘क्रूसाची वाट’ करतात. चौदा स्थाने, म्हणजे चौदा दृश्ये, आणि प्रत्येक दृश्यापुढे थांबून केलेली प्रार्थना. पहिल्या स्थानी पिलात शिक्षा सुनावतो. मग खांद्यावर क्रूस येतो. येशू वाटेत तीनदा पडतो. चौथ्या स्थानी आई भेटते, पाचव्या स्थानी सिरेने गावचा सिमोन क्रूसाला हात लावतो, सहाव्या स्थानी वेरोनिका रुमालाने चेहरा पुसते. बाराव्या स्थानी मृत्यू. तेराव्या स्थानी देह आईच्या मांडीवर. चौदाव्या स्थानी कबर, आणि तिथे ही वाट संपते.

शब्दांवाचून चौदा चित्रांत उलगडणारी ही गोष्ट म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधीचा मूकपटच. त्याच्या शेवटी सुटका नाही. आणि ज्या वास्तूत तो दर वर्षी डोळ्यांपुढून सरकतो, तिचे नाव मात्र कृपेवरून ठेवलेले आहे. शेवटच्या क्षणापर्यंत कोणीही वाचवायला आले नाही, त्या गोष्टीत कृपा कुठे शोधायची? पापडीतल्या किंवा पंढरपुरातल्या कोणत्याही भाविकाने आयुष्यात एकदा तरी, बहुधा एखाद्या खाटेजवळ बसून, विचारलेला हा प्रश्न आहे. तो नीट पाहण्यासाठी इथे जरा आडवाटेने, एका हरवलेल्या मूकपटाच्या शेवटापासून सुरुवात केली आहे.

१९२८ मध्ये पॅरामाउंट कंपनीने ‘द लीजन ऑफ द कंडेम्ड’ प्रदर्शित केला. नावाचा अर्थ साधारण ‘शिक्षा झालेल्यांची पलटण’. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला वैमानिक होता. आदल्या वर्षी त्याने ‘विंग्ज’ काढला होता, ज्याला १९२९ च्या पहिल्याच ऑस्कर समारंभात सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला. नव्या चित्रपटात गॅरी कूपर आणि फे रे. गोष्ट अशी: फ्रान्ससाठी उडणारी एक तुकडी आहे. तिच्यातला प्रत्येक जण कशापासून तरी पळालेला, कोणी कायद्यापासून, कोणी मोडलेल्या प्रेमापासून. मेलो तरी चालेल असे म्हणत आलेली ही माणसे. शत्रूच्या मुलखात हेर उतरवून परत यायचे, हे त्यांचे काम. नायकाला एके दिवशी ज्या हेराला घेऊन जायचे असते ती त्याची जुनी प्रेयसी निघते. तिला जर्मन अधिकाऱ्याजवळ पाहून तो जगाला विटला होता, आणि तेव्हा ती आपले गुप्त कामच करत होती. पुढे शत्रूचा सापळा, कैद, मृत्यूची शिक्षा. बंदुका रोखल्या जातात आणि ऐन वेळी आकाशातून सोबत्यांची विमाने येतात.

हा चित्रपट आज नाही. कथासारांश, काही छायाचित्रे आणि त्याच सुमारास निघालेली कादंबरी, एवढेच उरले. गंमत म्हणजे वाचलेल्या सारांशांत नायकाचा स्वभाव धूसर होतो, उपकथानके गळतात, पण तो शेवट मात्र टिकून राहतो. माणसांना गोष्टीतले लक्षात राहते ते हेच: वेळेवर कोणीतरी आले.

असा शेवट नवा नाही. ग्रीक रंगमंचावर एक यारी असे. नाटकातला पेच सुटेनासा झाला की तिच्या साहाय्याने देव वरून खाली उतरवत. ‘यंत्रातून उतरलेला देव’ हा शब्दप्रयोग तिथूनच रूढ झाला. अ‍ॅरिस्टॉटलला हे पसंत नव्हते. गोष्टीची उकल गोष्टीतूनच व्हावी, असे त्याने ‘काव्यशास्त्रा’त बजावले आणि उदाहरण दिले युरिपिडीसच्या ‘मेडिया’चे, ज्याच्या शेवटी स्वतःच्या मुलांना मारलेली मेडिया सूर्याच्या रथातून निसटते. म्हणजे आकाशातला रथ सज्जनांसाठीच येतो असेही नाही. १९२८ पर्यंत यंत्र सुधारले होते. लाकडी यारीच्या जागी इंजिनाचे विमान आले होते आणि त्यातून उतरायला देवाची गरज उरली नव्हती.

या शेवटाकडे थोडे रोखून पाहिले तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. विमाने येतात ती बॉम्ब घेऊन. बंदुका रोखून उभे असलेले शिपाई हुकमाचे ताबेदार असतात. त्यांच्याही आया कुठल्यातरी जर्मन गावच्या देवळात मेणबत्ती लावून बसलेल्या असणार. तिकडे कोणाची प्रार्थना ऐकली गेली? फे रे ही अभिनेत्री पाच वर्षांनी ‘किंग काँग’मध्ये दिसली. तिथेही शेवटी तिच्यासाठी आकाशातून विमाने येतात, आणि आजवरचे बहुतेक प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडताना त्या मेलेल्या प्राण्यासाठी हळहळत आले आहेत. एकाची सुटका जेव्हा दुसऱ्याच्या मरणाने विकत घ्यावी लागते, तेव्हा तिला कृपा म्हणताना जीभ अडखळायला हवी.

प्रत्यक्षातले शेवट वेगळेच झाले. पहिल्या महायुद्धात विमानातून हेर पलीकडे सोडणे ही कविकल्पना नव्हती. झ्यूल व्हेद्रीनसारखा नामांकित फ्रेंच वैमानिक अशा खास कामगिऱ्यांसाठीच ओळखला जाई. पण पकडलेल्यांसाठी विमाने परत आली नाहीत. ब्रिटिश परिचारिका एडिथ कॅव्हेलला १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रुसेल्समध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. तिने अडकून पडलेल्या सैनिकांना निसटायला मदत केली होती. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९१७ ला, हेरगिरीच्या आरोपावरून माता हारीला फ्रेंचांनी गोळ्या घातल्या. दोन्ही पहाटे आकाश रिकामे होते.

त्याच आकाशात एक मुंबईकरही होता. श्रीकृष्ण वेलिणकर, जन्म मुंबई, १८९४. केंब्रिजला शिकायला गेलेला हा तरुण १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. त्या युद्धात लढाऊ वैमानिक झालेले हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि हा वेलिणकर. जून १९१८ च्या अखेरीस त्याचे सॉपविथ डॉल्फिन विमान पडले आणि जखमी अवस्थेत, जर्मनांच्या ताब्यात, ३० जूनला तो गेला. वय तेवीस. कबर फ्रान्समधल्या आंगार गावी आहे. पडद्यावरच्या कोणत्याही वैमानिकाइतकाच तो शूर होता. त्याच्या घरीही देवघर असेल, तिथे सांजवात लागत असेल. त्याच्यासाठी कोणी आले नाही याचा अर्थ त्या घराच्या भक्तीत काही उणे होते, असे म्हणायला कोण धजेल?

तरीही तसे म्हटले जाते, उघड नाही तरी आडून. याचे एक कारण आपल्या गोष्टींच्या शेवटांत दडलेले आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पुन्हा जाऊन पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखवला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. भारतीय चित्रपटाच्या जन्माची ही कथा शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तिच्यातली एक बाब मात्र सहसा बोलली जात नाही. ज्या गोष्टीने फाळक्यांना झपाटले तिच्यात नायकाला कोणी वाचवत नाही. आणि स्वतः चित्रपट काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडली ती शेवटच्या क्षणी वाचवले जाण्याची गोष्ट.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात झळकला. दाबके हरिश्चंद्र, अण्णा साळुंके तारामती, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. शेवट स्मशानात. खोट्या आरोपावरून तारामतीला देहदंड झाला आहे आणि डोंबाच्या चाकरीत असलेल्या हरिश्चंद्रालाच तिचे मस्तक उडवायचे आहे. तो तलवार उचलतो. शंकर प्रकट होतात. मेलेला रोहिदास उठून बसतो, विश्वामित्र ही परीक्षा होती असे सांगतो, राज्य परत मिळते.

त्या काळी पडद्यावर देव प्रकट करायची साधी युक्ती होती. कॅमेरा थांबवायचा, नटांनी आहे तसे उभे राहायचे, देवाच्या वेषातल्या नटाने चौकटीत येऊन उभे राहायचे, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. म्हणजे अशा दृश्यात तलवार उचललेल्या नटाला वर नेलेला हात तसाच धरून ठेवावा लागे. खांद्याला रग लागेपर्यंत. प्रेक्षकाला देव क्षणात आलेला दिसतो. उचललेल्या हाताला ते थांबणे बरेच लांब वाटत असणार. हरिश्चंद्राच्या कथेतला खरा धर्मविचार या थांबलेल्या हातात आहे. शंकर येणार हे त्याला माहीत असते तर ती तलवार उचलणे म्हणजे नुसते नाटक ठरले असते. तो येणार नाही असे धरूनच त्याने हात वर नेला. त्याचे मोठेपण तिथे पूर्ण झाले. पुढे देव आला नसता तरी त्यात काडीइतकीही घट झाली नसती.

तारामतीचे काय? स्वप्नात राज्य दिले ते राजाने. दक्षिणेची भरपाई करायला विकली गेली ती राणी आणि तिचे मूल. तिने विश्वामित्राला कोणतेच वचन दिले नव्हते. सत्त्वपरीक्षेच्या सगळ्या गोष्टींत असे एक माणूस असते, जे परीक्षेला बसलेले नसते आणि तरी त्याच्याच मानेवर पाते असते. शिवलीलामृतात श्रियाळ राजाचा चिलया. तिथे तर हात थांबतच नाही. आई चांगुणा पोटच्या पोराचे मस्तक उखळात कांडते आणि मगच तिला मूल परत मिळते. बायबलमध्ये अब्राहामाने वेदीवर बांधलेला इसहाक. देवदूताची हाक येते, सुरी थांबते, झुडपात शिंगे अडकलेला मेंढा दिसतो. पापडीतल्या मुस्लिम घरांत बकरी ईदला स्मरण होते ते याच प्रसंगाचे. मुस्लिम परंपरेत तो मुलगा सहसा इस्माईल मानला जातो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, तिघांच्याही घरी ही उगारलेली धार आहे, आणि तिघांच्याही घरची मुले ही गोष्ट ऐकताना बापाच्या श्रद्धेने भारावण्याआधी मुलासाठी घाबरतात. त्या घाबरण्यात पुष्कळ शहाणपण आहे.

फाळक्यांना दोष द्यायचे कारण नाही. पुराणात शेवट तसाच आहे, आणि पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला सत्याचा विजय पडद्यावर पाहायचा होता. पण असे शेवट हजार वेळा पाहिल्यावर मनात एक समीकरण पक्के बसते. खरी निष्ठा असेल तर देव येतो. आणि ते उलटे करून वाचायला मनाला क्षणही लागत नाही. देव आला नाही, म्हणजे निष्ठा खरी नव्हती.

शुभवर्तमानांत क्रूसाखाली जमलेले लोक नेमके हेच बोलतात. दुसऱ्यांना वाचवलेस, आता स्वतःला वाचव, असे ते हिणवतात. पुढचा तपशील फारसा लक्षात घेतला जात नाही. येशू वेदनेने देवाला हाक मारतो तेव्हा काहींना वाटते की तो एलियाला बोलावतो आहे. थांबा, एलिया सोडवायला येतो का पाहू, असे ते म्हणतात. एलिया कोण? जुन्या करारातला संदेष्टा, अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेलेला. म्हणजे गुलगुथ्याच्या टेकडीवर माणसे माना वर करून आकाशातल्या रथाची वाट पाहत उभी होती. आदल्या रात्री, अटक होताना, येशू शिष्याला म्हणाला होता की मागितल्या तर बारा पलटणींहून अधिक देवदूत पिता आत्ता पाठवील. तिथे शब्द आहे ‘लीजन’, रोमन फौजेची पलटण. वेलमनच्या चित्रपटातली पलटण आली. या बारा पलटणी मागितल्याच गेल्या नाहीत.

वसईने अशीच एक न झालेली सुटका जवळून पाहिली आहे, आणि तिच्यातही हेरगिरीचा संशय आहे.

गोन्सालो गार्सिया वसईचा. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे तो शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागला. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरकडून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सर्वसत्ताधीश हिदेयोशीकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होता हा वसईचा माणूस.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला, वाद पेटला, आणि त्यात एक बोलणे हिदेयोशीच्या कानावर गेले की आधी धर्मोपदेशक पाठवायचे आणि मागाहून सैन्य, ही स्पेनच्या राजाची रीतच आहे. हे बोलणे कोणी, कोणत्या शब्दांत केले यावर इतिहासकार भांडतात. परिणाम मात्र स्पष्ट आहे. झगे घातलेले हे लोक परक्या सत्तेचे हस्तक आहेत, हा संशय पक्का झाला. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडे तर अशा वेळी सगळ्यात आधी बोट जाते.

इथे वसईकराने एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. तो संशय अगदीच निराधार नव्हता. गोन्सालोच्या गावातच त्याचा पुरावा उभा होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तोफ व क्रूस हातात हात घालूनच किनाऱ्यावर उतरले. किल्ल्यात आजही देवळांच्या भिंती आणि बुरूज एकमेकांना लागून आहेत. गोन्सालो स्वतः हेर नव्हता. पण ज्या जहाजांतून त्याची श्रद्धा प्रवास करत होती त्यांत तोफा होत्याच. त्याच्या मरणाची किंमत कमी न करता हे म्हणता येते, म्हणायलाही हवे.

क्योटोत गोन्सालोसह पकडलेल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि त्यांना भर हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, नागासाकीपर्यंत नेण्यात आले. लोकांनी पाहावे आणि धडा घ्यावा म्हणून. वाटेत दोन जपानी ख्रिस्ती माणसे कैद्यांची सेवा करायला त्यांच्याबरोबर चालू लागली. एक पीटर सुकेजिरो, दुसरा फ्रान्सिस नावाचा सुतार. पहारेकऱ्यांनी त्या दोघांनाही कैद्यांत घातले. चोवीसचे सव्वीस झाले ते असे. तिघे लहान मुलगे होते. त्यांतल्या बारा वर्षांच्या लुई इबाराकीला अधिकाऱ्याने सांगितले, धर्म सोड, तुला सोडतो. मुलगा नको म्हणाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. कड्यांनी आणि दोरांनी बांधलेल्या देहांत दोन्ही बाजूंनी भाले गेले. खाली नागासाकीचे बंदर होते. कोणतीही पलटण आली नाही.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत घोषित केले. वसईत गोन्सालोचा सण होतो, त्याच्या नावाने कॉलेज आहे, घरोघरी मुलांना त्याचे नाव आहे. ज्याची सुटका झाली नाही त्याच्या मरणदिनाचा सण करणारी ही माणसे दुःखाला आनंद म्हणण्याइतकी भाबडी नाहीत. सुटका होणे आणि कृपा असणे या दोन गोष्टी त्यांनी कधीच वेगळ्या काढल्या आहेत, मग तसे शब्द ओठांवर येवोत न येवोत.

धर्मशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर कृपा म्हणजे न कमावता मिळालेले दान. पौलापासून ऑगस्टीनपर्यंत ख्रिस्ती परंपरा हेच सांगते. वारकरी संतही संचितापलीकडे नेणारी अशीच कृपा मागतात. मराठी बायबल आणि अभंग यांत एकच शब्द वापरला जावा, हा काही योगायोग नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा नंदाखालचा धर्मगुरू ‘सुबोध बायबल’ लिहितो आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळतो, तेव्हा त्यामागे या सामाईक शब्दांची शतकांची मशागत असते. कृपा न कमावता मिळत असेल, तर ती न मिळणे ही शिक्षा असू शकत नाही. या कसोटीवर हरिश्चंद्राचा शेवट कृपेचा नाहीच. तो निकाल आहे, उत्तीर्ण झाल्याचा. वेलमनच्या पळपुट्या, मरायला निघालेल्या वैमानिकांना मिळालेली सुटका कृपेच्या व्याख्येच्या अधिक जवळ जाते. फक्त तिच्या खाली बॉम्बचे खड्डे आहेत.

आणि चोखोबा? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखामेळा गाडला गेला. ज्याच्या देवळात त्याला पाऊल टाकू दिले नव्हते, त्याचे नाव घेत तो जन्मभर जगला होता. भिंत थांबली नाही. परंपरा पुढचे सांगते. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडे एकेक उचलून कानाशी लावली, ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. या कथेत चमत्कार हाडांच्या बोलण्यात आहे असे मानतात. शिंप्याच्या घरचा एक माणूस मृतांच्या ढिगाऱ्यात बसून महाराच्या अस्थी एकेक करून कानाशी धरतो, हा त्याहून मोठा चमत्कार. नामदेव उशिरा आले. पण आले.

आता क्रूसाच्या वाटेकडे परत पाहिले की ती चौदा दृश्ये वेगळी दिसू लागतात. तिथे कोणी आलेच नाही असे नाही. सिमोन आला, शेतावरून परतताना वेठीला धरलेला. वेरोनिका गर्दीतून पुढे झाली. यरुशलेमच्या बायका रडत आल्या. अरिमथाईचा योसेफ स्वतःची कबर द्यायला आला. आई तर चौथ्या स्थानापासून तिथेच आहे. यांतल्या एकानेही सुटका केली नाही, करू शकतही नव्हते. आणि यांतला एकही आकाशातून उतरला नाही. सगळे रस्त्यावरून आले, सुकेजिरो आणि त्या सुतारासारखे. जिला देवदूताने कृपापूर्ण म्हटले, जिच्या नावाने पापडीचे चर्च आहे, ती तेराव्या स्थानी मुलाचे कलेवर मांडीवर घेऊन बसली आहे. कृपा आणि सुटका एकच असत्या तर तिला हे नाव देणे क्रूर ठरले असते.

हे सगळे जुन्या काळाचे वाटेल, म्हणून वसई-विरारच्याच अलीकडच्या दोन दिवसांची आठवण. १० जुलै २०१८. वसई-नालासोपारा पाण्याखाली, रूळ बुडालेले, लांब पल्ल्याच्या गाडीत प्रवासी अडकलेले, मिठागरांत कुटुंबे अडकलेली. होड्या आल्या, माणसे उतरवली गेली. त्या दिवशी देवाची कृपा हे शब्द कितीजणांच्या तोंडी आले असतील, आणि ते खरेच होते. मग २३ एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला पहाटे आग लागली आणि डझनाहून अधिक रुग्ण गेले. त्यांच्याही नातेवाइकांनी नवस बोलले होते, नोव्हेना केल्या होत्या, उपास धरले होते. जे वाचले त्यांच्याविषयी देवाची कृपा म्हणताना, शेजारच्या घरात ते शब्द कसे ऐकू जातात याचा विचार फार थोडे लोक करतात. वाचलेल्याने कृतज्ञ असावेच. ती कृतज्ञता दुसऱ्याच्या दारात जाऊन निकालपत्र होऊ नये, एवढी काळजी घेणे अवघड नाही. सांत्वनाला जाणाऱ्या जाणत्या बायका ही काळजी घेतात. त्या देवाविषयी बोलत नाहीत. चहा करतात, पोरांना जेवू घालतात, रात्री सोबतीला झोपतात.

राहता राहिली चित्रपटांच्या शेवटांची गोष्ट. वेलमनच्या मूकपटाचा शेवट त्याच्या सगळ्या रिळांबरोबर गेला. ‘राजा हरिश्चंद्र’चे तसे झाले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे जपलेले आहे. ती रिळे १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वैभव आहे आणि उचललेली तलवार, प्रकट झालेला शंकर, उठून बसलेला रोहिदास आहे. मधली दोन रिळे नाहीत. राजवाड्यातून स्मशानापर्यंतचा रस्ता तारामती मुलाचे बोट धरून ज्यांत चालली असेल, ती.